‘जे’चा शिक्का आणि नगरची छावणी

शेवगावहून नगरला निघालेली एसटी तिसगाव करते, करंजीचा घाट पार करते, चांदबीबी महालाच्या डोंगराखालून जाते आणि भिंगारच्या लष्करी हद्दीत शिरते. पुढे भुईकोट किल्ला. या किल्ल्याची एक गोष्ट आपल्याकडे शाळकरी पोरालाही सांगता येते: ऑगस्ट १९४२ मध्ये नेहरू, पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव अशा काँग्रेसच्या बारा पुढाऱ्यांना इथं आणून कोंडलं आणि नेहरूंनी इथंच ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहून काढलं. त्याआधी तीन वर्षं, सप्टेंबर १९३९ मध्ये, याच लष्करी गावात आणखी एक गर्दी कोंडली गेली होती. तिच्याबद्दल मात्र नगर जिल्ह्यातही फारसं कुणी बोलत नाही.

ती गर्दी जर्मनांची होती. त्या जर्मनांत नाझी होते, आणि नाझींपासून जीव वाचवून पळालेले ज्यूही होते. दोघांनाही इंग्रज सरकारनं एकाच नावाखाली आत टाकलं: शत्रुराष्ट्राचे नागरिक.

ज्यूंच्या छळाचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे आउशविट्झच्या फाटकातून बाहेर आलेला, हाडं राहिलेला माणूस उभा राहतो. तो खराच आहे. पण वाचलेल्यांचा दुसराही एक वर्ग होता. हे लोक वेळेत निसटले आणि जहाजानं शांघायला, नैरोबीला, मुंबईला पोहोचले. त्यांच्या अंगावर छावणीचा गोंदलेला आकडा नव्हता. पण आई, भाऊ, मावशी मागे राहिले होते, आणि त्यांचं काय झालं ते कळायला सहा वर्षं लागली. या प्रकरणात त्या माणसांविषयी सांगायचं आहे. त्यांतले काही जण काही काळ महाराष्ट्रात राहिले आणि काहींनी तर इथं आपली खूणही ठेवली.

१९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि पहिला घाव पडला तो नोकऱ्यांवर. सरकारी कचेऱ्या, विद्यापीठं, इस्पितळं यांतून ज्यूंना काढलं. फ्रँकफर्टचे त्वचारोगतज्ज्ञ ऑस्कर गान्स यांचं अध्यापकपद गेलं आणि १९३४ मध्ये ते मुंबईला आले. बर्लिनमधली शिक्षिका मार्गारेटे श्पीगेल नोकरी गेल्यावर थेट गांधीजींच्या आश्रमात आली. गांधीजींनी तिचं नाव अमला ठेवलं. १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी ज्यूंचं नागरिकत्व दुय्यम केलं आणि ज्यू कोण हे आजी-आजोबांवरून ठरवलं. माणूस चर्चमध्ये जातो की काही मानतच नाही, याच्याशी कायद्याला देणंघेणं नव्हतं. बाप्तिस्मा झालेल्या, दोन पिढ्या ख्रिस्ती असलेल्या घरांनाही अशा रीतीनं सरकारनं ज्यू केलं.

मार्च १९३८ मध्ये ऑस्ट्रिया गिळंकृत झाला आणि व्हिएन्नात पाच वर्षांचा छळ पाच आठवड्यांत उरकला गेला. ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री जर्मनीभर सिनेगॉग जळाले, दुकानं फुटली. साधारण तीस हजार ज्यू पुरुष डाखाउ, बुखेनवाल्ड, साक्सेनहाउझेन इथल्या छावण्यांत नेले गेले. त्या वेळी सुटकेची अट साधी होती: देश सोडतो असं लिहून दे. देश सोडायचा तर पासपोर्ट हवा, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून ज्यूंच्या पासपोर्टवर तांबड्या रंगात ‘जे’ हे अक्षर उमटू लागलं होतं. १ जानेवारी १९३९ पासून पुरुषांना नावापुढे ‘इस्राएल’ आणि बायकांना ‘सारा’ लावण्याची सक्ती झाली. एवढं सगळं अंगाखांद्यावर घेऊन माणूस बंदरावर उतरला, तरी पासपोर्टच्या वेष्टणावर गरुड आणि स्वस्तिकच. पुढचा सगळा घोळ या एका कागदानं घातला.

हिंदुस्थानचा व्हिसा सहज मिळत नव्हता. आलेला माणूस सरकारच्या गळ्यात पडणार नाही, याची हमी देणारं कुणीतरी इथं लागे. मुंबईत १९३४ मध्ये स्थापन झालेली ज्यूइश रिलीफ असोसिएशन हे काम करी: हमी देणं, नोकरी शोधणं, बोटीवर जाऊन माणूस उतरवून घेणं. पैसा मुख्यतः बगदादी ज्यू व्यापाऱ्यांकडून आणि परदेशी संस्थांकडून येई. सगळे मिळून हिंदुस्थानात आलेले ज्यू निर्वासित हजार-दोन हजारांच्या घरात असावेत. अमेरिकेत किंवा पॅलेस्टाइनमध्ये गेलेल्यांच्या तुलनेत ही संख्या अगदी किरकोळ.

आपल्या पुढाऱ्यांची मतं एक नव्हती. ज्यू तंत्रज्ञ आणि डॉक्टर या देशाला उपयोगी पडतील असं नेहरूंचं म्हणणं होतं आणि त्यांनी त्यासाठी खटपटही केली. सुभाषचंद्र बोसांचा विरोध होता. इथल्या डॉक्टरांना तर सरळ स्पर्धेची धास्ती होती. गांधीजींनी नोव्हेंबर १९३८ मध्ये ‘हरिजन’मध्ये लिहिलं, की जर्मनीतल्या ज्यूंनी सत्याग्रह करावा. मार्टिन बूबर यांनी त्यांना सविस्तर, दुखावलेल्या सुरात उत्तर लिहिलं. या वादात मला बूबर यांची बाजू पटते. तुरुंगात कैद्याचं नाव तरी लिहिलेलं असतं. जिथं माणूस नाहीसा होतो आणि नोंदही राहत नाही, तिथं सत्याग्रह पाहायला कोण असणार?

महाराष्ट्राला ज्यू काही नवखे नव्हते. कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे शनवार तेली, शतकानुशतकं मराठी बोलत होते. पेणकर, राजपूरकर, किहीमकर अशी गावावरून पडलेली आडनावं लावत होते. १९३७-३८ मध्ये मुंबईचे महापौर डॉ. एलिजा मोझेस होते, महालक्ष्मी-वरळीकडचा डॉ. ई. मोझेस रोड त्यांच्याच नावाचा. धर्मावरून मारहाण म्हणजे काय, याचा या समाजाला शेकडो वर्षांत अनुभव नव्हता. त्यांच्या शहरात आता बर्लिन-व्हिएन्नाचे ज्यू उतरू लागले: जर्मन बोलणारे, ऑपेराला जाणारे, बरेचसे धर्माबाबत उदासीन. धर्म एक, बाकी सगळं निराळं. दोघांच्या ओळखी झाल्या, पण फार मिसळणं झालं नाही.

३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हॉइसरॉय लिनलिथगो यांनी कुणालाही न विचारता हिंदुस्थान युद्धात असल्याचं जाहीर केलं. काही तासांतच मुंबई, कलकत्ता, मद्रास सगळीकडे पोलिस जर्मनांच्या दारात उभे राहिले. यादी आधीच तयार होती. सोळा वर्षांवरचे पुरुष उचलले आणि नगरकडे धाडले.

नगरच का? कारण इंग्रजांची ही बंदिवान ठेवण्याची जुनी जागा. बोअर युद्धात दक्षिण आफ्रिकेत पकडलेले शेतकरी १९०१ मध्ये इथल्या किल्ल्यात ठेवले होते. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातल्या जर्मन-ऑस्ट्रियन लोकांची मोठी छावणी इथंच होती, आणि १९१७ मध्ये आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसचे प्रतिनिधी ती तपासून गेले होते. समुद्रापासून दूर, बराकी तयार, फौज हाताशी, रेल्वे दारात. लष्करी हिशेबानं जागा अगदी सोयीची.

आता १९३९ च्या त्या बराकींत कोण कोण होतं ते पाहा. मुंबईत नाझी पक्षाची रीतसर शाखा होती. डॉ. ओस्वाल्ड उर्क्स या जर्मन औषध कंपनीतल्या डॉक्टरकडे हिंदुस्थानातल्या पक्षाचं पुढारपण होतं. त्यालाही नजरकैद झाली. मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये ‘अछूत कन्या’ दिग्दर्शित करणारा फ्रान्झ ओस्टेन नाझी पक्षाचा सभासद होता. ‘कंगन’चं काम चालू असताना त्याला पकडलं. नंगा पर्वताच्या मोहिमेवरून परतणारा गिर्यारोहक हाइनरिश हारर कराचीत सापडला आणि नगरला आला. तिबेटमधल्या सात वर्षांवर पुढे पुस्तक लिहिणारा तोच हा. १९३८ मध्ये तो एसएस या नाझी संघटनेत दाखल झालेला होता. शिवाय मिशनरी होते, इंजिनियर होते, बोटींवरचे खलाशी होते. आणि याच बराकींत असे ज्यू होते ज्यांतल्या काहींनी दहाच महिन्यांपूर्वी जर्मनीतल्या छावणीची तार पाहिली होती. जेवायला एकाच रांगेत.

इथली तार आणि तिथली तार यांत जमीन-अस्मानाचं अंतर होतं, हे स्पष्ट सांगायला हवं. नगरला कुणी उपाशी मारत नव्हतं, मजुरीवर राबवून संपवत नव्हतं. हाल होते ते वेगळ्या जातीचे. जेवणाच्या टेबलाशी, स्नानाच्या जागी, खेळाच्या मैदानावर नाझी बहुसंख्य, संघटित आणि माजोरी. इंग्रज अधिकाऱ्याला मात्र सगळे जर्मन सारखेच. जर्मन वंशाचे बौद्ध साधक लामा गोविंद यांनाही पुढे नगरच्या छावणीत ठेवलं होतं. फॅसिझमवरची आपली नापसंती त्यांनी लपवली नाही, म्हणून नाझींनी त्यांना छळलं. ज्यू नसलेल्या माणसाची ही गत, तर ज्यूंचं काय ते ओळखावं.

सरकारला चूक लवकर उमगली, हेही खरं. छाननीसाठी एक समिती नेमली आणि तिच्यावर सर माल्कम डार्लिंग यांना बसवलं. हा माणूस पंजाबातला जुना आयसीएस अधिकारी, सहकारी चळवळीचा जाणकार. पंजाबी शेतकऱ्याच्या कर्जबाजारीपणावरचं त्यांचं पुस्तक शेतीचे अभ्यासक अजूनही वाचतात. सावकाराच्या वहीतला खोटा आकडा ओळखण्यात उमर घालवलेल्या माणसासमोर आता प्रश्न असा, की समोरचा जर्मन खरा शत्रू की खोटा? एकेकाला बोलावून विचारपूस झाली. रिलीफ असोसिएशननं हमीपत्रं दिली. वर्ष सरता सरता बहुतेक ज्यू सुटले आणि मुंबईला परतले. पोलिस ठाण्यात हजेरी, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही, रेडिओ-कॅमेरा बाळगायचा नाही, असली बंधनं उरली.

पण १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स कोसळला, घरभेद्यांची धास्ती ब्रिटिश साम्राज्यभर पसरली आणि सुटलेल्यांतले काही परत आत गेले. १९४१ मध्ये नगरची माणसं आधी देवळालीला आणि मग डेहराडूनजवळच्या प्रेमनगरला हलवली. तिथं नाझी, नाझीविरोधी आणि इटालियन यांचे तारेनं वेगळे केलेले विभाग झाले. उशिरा का होईना, शहाणपण आलं. हारर १९४४ च्या एप्रिलमध्ये तिथूनच निसटून तिबेटकडे गेला. बायकामुलांसाठी आणि कमी धोक्याच्या मानलेल्या कुटुंबांसाठी पुरंदर आणि सातारा इथं पॅरोलच्या वसाहती होत्या. मुरारबाजीच्या पुरंदरावर मिशनऱ्यांची बायकापोरं आणि ज्यू निर्वासितांची कुटुंबं शेजारी शेजारी राहत होती. आपण किल्ल्यावर जातो तेव्हा याची पाटी काही दिसत नाही.

२५ नोव्हेंबर १९४१ रोजी बर्लिननं आणखी एक फर्मान काढलं. परदेशात राहणाऱ्या ज्यूंचं जर्मन नागरिकत्व संपलं आणि मालमत्ता सरकारजमा झाली. म्हणजे त्या दिवसापासून हिटलरच्या दृष्टीनं हे लोक जर्मन उरले नाहीत, पण हिंदुस्थान सरकारच्या दफ्तरात ते जर्मन होते आणि म्हणून शत्रू होते. बाकी कुणाचेच नव्हते.

या गुंत्याचं टोक पाहायचं तर लिओपोल्ड वाइसकडे पाहावं. १९०० मध्ये लेम्बर्ग शहरात, म्हणजे आजच्या युक्रेनमधल्या ल्विवमध्ये, ज्यू घरात जन्म, आजोबा रब्बी. पत्रकारी करता करता तो अरबस्तानात रमला, १९२६ मध्ये मुसलमान झाला, मुहम्मद असद झाला. पुढे हिंदुस्थानात आला, कवी इक्बाल यांच्या परिचयात आला. १९३९ मध्ये त्याला ऑस्ट्रियन म्हणून पकडलं आणि युद्ध संपेपर्यंत, जवळजवळ सहा वर्षं, नजरकैदेत ठेवलं. छावणीतल्या हजारो युरोपियनांत तो एकटाच मुसलमान. नाझींना तो ज्यू, इंग्रजांना जर्मन, स्वतःच्या लेखी मुसलमान. तो आत असतानाच व्हिएन्नाहून त्याचे वडील आणि बहीण पूर्वेकडे पाठवले गेले आणि मारले गेले. नंतर तो पाकिस्तानचा संयुक्त राष्ट्रांतला प्रतिनिधी झाला, त्याचं ‘द रोड टू मक्का’ जगभर वाचलं गेलं, कुराणाचा इंग्रजी अनुवाद आणि भाष्य १९८० मध्ये आलं. १९९२ मध्ये तो स्पेनमध्ये वारला.

वडील आणि बहीण गेल्याची बातमी अशा माणसांपर्यंत कशी पोहोचे? मुख्यतः पोहोचत नसे. युद्ध सुरू होताच शत्रुदेशाशी टपाल तुटलं. उरला रेडक्रॉसचा छापील कागद. त्यावर जास्तीत जास्त पंचवीस शब्द, तेही निव्वळ घरगुती. कागद जिनिव्हामार्गे जाई, मागच्या बाजूला तितक्याच शब्दांत उत्तर लिहून परत येई. दोन्हीकडे सेन्सॉर. जाऊन-येऊन कित्येक महिने लागत. पंचवीस शब्दांत तब्येत बरी आहे, काकू आमच्याकडे राहायला आली, आम्ही गाव बदलत आहोत, एवढंच बसे. ‘गाव बदलणं’ म्हणजे काय हे मुंबईत बसलेल्याला त्या वेळी कळायचा मार्ग नव्हता. मग एके दिवशी कागद येणं थांबे.

मुंबईतलं एक घर सांगतो. कार्ल्सबादचा संगीतकार वॉल्टर काउफमान १९३४ मध्ये इथं आला. १९३७ पासून मुंबई आकाशवाणीवर पाश्चात्त्य संगीताचा प्रमुख झाला. तंबोऱ्याच्या साथीवर वाजणारी आकाशवाणीची ती पहाटेची धून त्याच्याच नावावर सांगितली जाते. शेवगावच्या चावडीपुढच्या रेडिओवर ती ऐकून उठलेल्या पिढीनं काउफमानचं नाव बहुधा कधी ऐकलं नसेल. त्यानं मुंबईत चेंबर म्युझिकची मंडळी जमवली, तीत झुबीन मेहतांचे वडील मेहली मेहता व्हायोलिन वाजवत. काउफमानची बायको गेर्टी ही फ्रान्झ काफ्काची भाची, त्याची सगळ्यात मोठी बहीण एली हिची मुलगी. काफ्का १९२४ मध्येच क्षयानं गेला होता. त्याच्या तिन्ही बहिणी नाझींनी मारल्या: एली आणि वाली यांना प्रागहून पोलंडमधल्या लोज इथल्या घेट्टोत नेलं, ओटला आउशविट्झला गेली.

ज्यांना बाहेर राहता आलं त्यांनी कामाला लागून दिवस काढले, आणि काही वेळा त्या कामातून या शहराला काहीतरी मिळून गेलं. रुडॉल्फ फॉन लायडेन बर्लिनचा भूगर्भशास्त्राचा डॉक्टर. १९३३ मध्येच भावाकडे मुंबईला आला. वडील प्रशियाच्या गृहखात्यातले वरिष्ठ अधिकारी, पण घराण्याचं मूळ ज्यू, म्हणून त्यांचंही पद गेलं. इथं लायडेन व्यंगचित्रं काढू लागला, ‘टाइम्स ऑफ इंडिया’त चित्रकलेवर लिहू लागला. वॉल्टर लांगहामर स्वतः ज्यू नव्हता, व्हिएन्नाचा समाजवादी चित्रकार. पण बायको केटे ज्यू होती, म्हणून १९३८ मध्ये दोघं निघाले. तो टाइम्सचा आर्ट डायरेक्टर झाला आणि रविवारी त्याच्या घरी तरुण चित्रकारांची बैठक भरे. तिसरा इमॅन्युएल श्लेझिंगर. व्हिएन्नातला आपला चित्रसंग्रह गमावून आलेला. इथं औषधांच्या धंद्यात जम बसवला आणि पुन्हा चित्रं विकत घ्यायला लागला, या खेपेला हुसेन, रझा, आरा यांची. १९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा राहिला तेव्हा सूझा, हुसेन, रझा, आरा, सदानंद बाकरे आणि तळेगाव दशासरचे हरी अंबादास गाडे या सहांच्या पाठीशी हे तिघे होते.

त्यांच्यामुळेच भारतीय आधुनिक कला जन्मली, असं म्हणण्याची एक फॅशन आहे. ते काही मला पटत नाही. सूझाचा संताप आणि हुसेनचा ब्रश व्हिएन्नाहून बोटीनं आले नव्हते. पण उपाशी चित्रकाराचं चित्र पैसे मोजून घेणारा माणूस आणि वर्तमानपत्रात त्याच्यावर गंभीरपणे लिहिणारा माणूस, हे दोन्ही त्या काळात दुर्मीळ होते. लायडेन तर पुढे गंजिफाच्या नादी लागला. सावंतवाडीच्या आणि इतर ठिकाणच्या गोल, लाखेनं रंगवलेल्या पत्त्यांचा त्यानं जगात मानला जाईल असा अभ्यास केला. १९८३ मध्ये तो व्हिएन्नात वारला.

या काळातलं सगळ्यात विलक्षण काम मात्र मुंबईत झालं नाही. ते औंध संस्थानात झालं. आणि करणारा निर्वासितही नव्हता. मॉरिस फ्रीडमन वॉर्साच्या गरीब ज्यू घरातला इंजिनियर. तीसच्या दशकात म्हैसूर सरकारच्या विद्युत साहित्याच्या कारखान्यासाठी बंगळुरूला आला, गांधीजींकडे ओढला गेला, भारतानंद हे नाव घेतलं. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब यांना त्यानं पटवलं, की सत्ता गावपंचायतींच्या हाती द्यावी. १९३९ मध्ये औंधनं तशी राज्यघटना स्वीकारली. त्याच सुमारास फ्रीडमननं आणखी एक कल्पना पुढे केली. जन्मठेपेच्या कैद्यांना भिंतीआड कशाला ठेवायचं? त्यांना माळरानावर जमीन द्या, कुटुंबासह राहू द्या, पिकवू द्या. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसलं, ना भिंत ना तार. याच प्रयोगावरून ग. दि. माडगूळकरांनी कथा रचली आणि १९५७ मध्ये व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ आला.

तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात अशा आहेत. इंग्रज सरकार नगरला निरपराध ज्यूंना तारेआड ठेवत होतं, तेव्हा दोनेकशे किलोमीटरवर एक ज्यू माणूस खुनाच्या गुन्हेगारांची तार काढत होता. आणि युरोपात त्याची माणसं भिंतीआड जात होती. १९४० च्या नोव्हेंबरात वॉर्सातला घेट्टो बंद झाला. चारएक लाख माणसं तिथं कोंबली गेली. युद्धापूर्वी पोलंडमध्ये तेहतीस लाख ज्यू होते. त्यांतले तीस लाख मारले गेले. फ्रीडमन इथंच राहिला. पुढे तिबेटी निर्वासितांच्या वसाहतींसाठी धावपळ केली. अखेरच्या वर्षांत मुंबईत खेतवाडीतल्या निसर्गदत्त महाराजांची मराठी निरूपणं टेपवरून उतरवून इंग्रजीत आणली. ‘आय अॅम दॅट’ १९७३ मध्ये निघालं. १९७६ मध्ये मुंबईतच त्याचं निधन झालं.

युद्ध संपलं आणि याद्या यायला लागल्या: कोण जिवंत, कोण कुठल्या गाडीतून कुठल्या तारखेला नेला. एकट्या ऑस्ट्रियातले पासष्ट हजारांवर ज्यू संपले होते. इथले निर्वासित आता शत्रू राहिले नव्हते, पण घरचेही झाले नव्हते. १९४६ साली परकी नागरिकांचा कायदा झाला. युद्धकाळातल्या तरतुदींचंच ते कायमचं रूप. त्यात ‘परका’ आहे, ‘निर्वासित’ नाही. स्वतंत्र भारतानं तोच चालू ठेवला आणि तो २०२५ पर्यंत चालला. त्याच्या जागी आलेल्या नव्या कायद्यातही निर्वासितांसाठी वेगळं प्रकरण नाही. स्वातंत्र्याच्या त्या वर्षांत फाळणीचे लाखो लोक रस्त्यावर होते, नोकऱ्या भारतीयांना मिळाव्यात ही मागणी रास्तच होती, आणि मुंबईचे जुने इंग्रज-पारशी आश्रयदाते पांगत होते. बहुतेक जण निघाले. काउफमान १९४६ मध्ये गेला, कॅनडातून अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात पोहोचला आणि उरलेली उमर हिंदुस्थानी रागांवर लिहीत राहिला. प्रागचा लेखक विली हास मुंबईत मोहन भवनानी यांच्या चित्रपटांसाठी पटकथा लिहीत असे. तो जर्मनीला परतून पुन्हा पत्रकारी करू लागला. ऑस्कर गान्स १९४९ मध्ये फ्रँकफर्टला आपल्या जुन्या विभागात परतले. ज्यांनी हाकललं त्यांच्याच शेजारी जाऊन बसायचं, हे त्यांना कसं जमलं असेल, मला कळत नाही. लांगहामर जोडपं १९५७ मध्ये लंडनला गेलं.

लंडनला त्यांच्याआधी पोहोचलेली एक बाई होती, हिल्डे होल्गर. व्हिएन्नात १९०५ मध्ये जन्म. गेर्ट्रुड बोडेनवीझर हिच्याकडे नवनृत्य शिकली आणि एकविसाव्या वर्षी स्वतःची शाळा काढली. १९३८ मध्ये ज्यूंना रंगमंचबंदी झाली. पुढच्या वर्षी ती एकटी मुंबईला आली, १९४० मध्ये डॉ. अर्देशीर बोमन-बेहराम या कलाप्रेमी पारशी डॉक्टरशी लग्न केलं आणि लगेच इथंही नृत्यशाळा उघडली, जिथं कुठल्याही जातिधर्माचं मूल येऊ शके. हाताच्या मुद्रांची ताकद तिला इथं कळली आणि ती तिच्या नृत्यात शिरली. आई आणि सावत्र वडील व्हिएन्नात राहिले होते. ते आणि इतर अनेक नातलग मारले गेले.

१९४८ मध्ये, फाळणीच्या दंगली आणि गांधीहत्येनंतर, होल्गर नवऱ्याबरोबर आणि मुंबईत जन्मलेल्या मुलीबरोबर लंडनला गेली. तिथं १९४९ मध्ये मुलगा झाला, दारियस. त्याला डाऊन सिंड्रोम होता. तिच्या व्हिएन्नात, स्टाइनहोफच्या इस्पितळाच्या आवारात, नाझींच्या काळात अशा मुलांना औषधं टोचून मारत. जवळजवळ आठशे मुलं तिथं गेली. ज्यूंच्या आधी आणि ज्यूंच्या बरोबरीनं ज्यांना जगायला नालायक ठरवलं, त्यांत ही मुलं होती. होल्गरनं दारियसला नाच शिकवायला सुरुवात केली. मग त्याच्यासारखी इतर मुलं घेतली. १९६८ मध्ये सॅडलर्स वेल्स या लंडनच्या मोठ्या रंगमंचावर तिनं मतिमंद म्हटल्या जाणाऱ्या तरुणांना घेऊन पूर्ण व्यावसायिक प्रयोग केला. त्या काळात इंग्लंडातही असं कुणी केलेलं नव्हतं. तिच्या शिष्यांपैकी वोल्फगांग श्टांगे यानं पुढे अपंग आणि धडधाकट नर्तकांची एकत्र मंडळी काढली, ती आजही चालते. होल्गर स्वतः कॅम्डनमधल्या घराच्या तळघरात वर्ग घेत राहिली, नव्वदी ओलांडल्यावरही. २००१ च्या सप्टेंबरात, शहाण्णवावा वाढदिवस महिन्याभरावर असताना, ती वारली.